उतरंड, ऑर्गन आणि भूकंप

(भूकंप केव्हा होईल हे आज कोणालाही सांगता येत नाही. परंतु भूकंपात कोणती वस्तू पडेल, हे पुष्कळदा आधीच सांगता येते आणि ती पडू नये म्हणून उपायही करता येतो. तो उपाय कसा करायचा, हे या पाठात सांगितले आहे.)

'भू' म्हणजे जमीन आणि 'कंप' म्हणजे थरथर. हे दोन शब्द जोडून 'भूकंप' हा शब्द तयार झाला. उर्दूत आपण त्याला जलजला म्हणतो. शब्द वेगळे असले तरी दोन्हींमधील भीती एकच आहे. पायाखालची जमीन ही जगातील सर्वांत स्थिर वस्तू आहे, असे आपण समजून चालतो. तीच हलू लागली, तर माणसाने आधार कशाचा घ्यायचा?

भूकंप म्हटले की आपल्याला जपान, तुर्कस्तान, इराण असे दूरचे देश आठवतात. पण एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. आपल्या शहापूर तालुक्यातच भातसा नदीवर मोठे धरण आहे. मुंबईच्या लाखो लोकांना तेथून पिण्याचे पाणी मिळते. १९८३ साली या धरणाच्या आणि खर्डीच्या परिसरात जमिनीला वारंवार हादरे बसू लागले. त्यांतील सर्वांत मोठा हादरा १५ सप्टेंबर १९८३ रोजी बसला. त्याची तीव्रता सुमारे ४.९ होती. शास्त्रज्ञांनी या हादऱ्यांचा अभ्यास केला. धरणात साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेले पाणी यांचा या हादऱ्यांशी संबंध असावा, असे मत त्यांनी मांडले. कोयना धरणाजवळही असेच घडले होते. तेथे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे फार मोठा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे मरण पावली.

पुढे २०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यापासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या भागांत लहान लहान हादऱ्यांची मालिका सुरू झाली. २०१४ पर्यंत हा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. हादऱ्यांच्या भीतीने तेथील अनेक कुटुंबांनी थंडीच्या दिवसांत घराबाहेर तंबूत रात्री काढल्या.

म्हणजे भूकंप हा आपल्यापुरता केवळ भूगोलाच्या पुस्तकातील धडा नाही. तो आपल्या शेजारी येऊन गेलेला पाहुणा आहे.

माणसे कशाने मरतात?

येथे एक प्रश्न विचारू या. भूकंपात माणसे कशाने मरतात? जमीन दुभंगते आणि माणसे तिच्यात गडप होतात, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात तसे फार क्वचित घडते. मोकळ्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला भूकंपाने सहसा इजा होत नाही. माणूस मरतो तो त्याच्या अंगावर काहीतरी पडल्यामुळे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत लोक गाढ झोपेत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे उशिरा झोपली होती. तेथील घरांच्या भिंती दगड आणि मातीच्या होत्या, चांगल्या दोन दोन फूट जाडीच्या. घरांवर मातीचे जाड माळवद होते. माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. उन्हाळ्यात ते घर थंड ठेवते. परंतु दगड एकमेकांत नीट गुंफलेले नव्हते. त्यांना धरून ठेवणारी माती पावसाने आणि वयाने सैल झाली होती. जमीन हलताच भिंती फुटल्या आणि छप्पर खाली आले. आठ ते दहा हजार माणसे काही क्षणांत गेली.

परंतु त्याच गावांत काही घरे अशी होती, की त्यांचे छप्पर भिंतींवर नव्हे, तर चांगल्या जोडलेल्या लाकडी खांबांवर आणि तुळयांवर टेकलेले होते. अशा कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या, पण छप्पर वरच राहिले आणि आतली माणसे वाचली. गाव एक, भूकंप एक, पण परिणाम वेगळा. फरक होता तो जोडणीचा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशाच्या नकाशावर भूकंपाच्या धोक्यानुसार विभाग पाडलेले असतात. किल्लारीचा प्रदेश त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात मोडत होता. २००२ सालच्या नकाशात ठाणे जिल्हा तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवला होता. म्हणून "आमच्याकडे कधी काही होत नाही" असे म्हणून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही.

उंच वस्तू का पडते?

तुम्ही एस.टी.च्या गाडीने मुरबाडहून कल्याणला उभ्याने गेला असाल. चालकाने एकदम ब्रेक दाबला की काय होते? गाडी थांबते, तिच्याबरोबर आपले पाय थांबतात, पण आपले अंग पुढे जाते. गाडी एकदम सुटली की अंग मागे जाते. वस्तू ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत राहू पाहते. या गुणाला विज्ञानात 'जडत्व' म्हणतात. तुमच्या उर्दू पुस्तकात त्याला जुमूद म्हटले आहे.

भूकंपातही हेच घडते. जमीन एकदम बाजूला सरकते. जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तूचा पाया तिच्याबरोबर सरकतो, पण वरचा भाग मागे राहू पाहतो. लगेच जमीन उलट्या दिशेने सरकते. असे हिसके एकामागून एक बसतात. ठेंगणी आणि रुंद वस्तू हे हिसके सोसते. उंच आणि अरुंद वस्तू डुलू लागते आणि तिचा तोल गेला की ती पडते.

हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. एक वीट घ्या. साधारण वीट नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड असते. तीन फूट लांबीची एक फळी जमिनीवर ठेवा. फळीवर वीट उभी करा, म्हणजे तिची नऊ इंचांची बाजू वर जाईल आणि तीन इंचांची बाजू फळीच्या लांबीच्या दिशेला येईल. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. टोक सुमारे अकरा इंच उचलले गेले की वीट कोलमडेल. आता तीच वीट आडवी ठेवा आणि पुन्हा टोक उचला. या वेळी वीट कोलमडणार नाही. फळी बरीच तिरपी झाल्यावर ती घसरत खाली येईल.

वीट तीच, वजन तेच. मग असे का झाले? प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत साठलेले असते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. उर्दूत तोच मरकजे सिक्ल. उभ्या विटेचा गुरुत्वमध्य उंचावर असतो आणि तिचा पाया अरुंद असतो. म्हणून थोड्याशा कलानेच तो बिंदू पायाच्या बाहेर जातो आणि तोल सुटतो.

आता हाच हिशेब आपल्या घरातील लोखंडी कपाटाला लावू या. असे कपाट साधारण साडेसहा फूट उंच आणि दीड फुटाहून थोडे अधिक खोल असते. त्याची खोली उंचीच्या जवळजवळ पाव भागाइतकी असते. म्हणून त्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढा आडवा जोर मिळाला, की ते डुलायला लागते. एका हिसक्यात ते पडेलच असे नाही. परंतु हिसके लागोपाठ बसले, तर ते पडू शकते. आणि अशा भरलेल्या कपाटाखाली निजलेले मूल सापडले तर?

मोठ्या इमारतींनाही हाच नियम लागू होतो. अहमदाबादच्या जुम्मा मशिदीच्या मुख्य कमानीच्या दोन्ही बाजूंना पूर्वी दोन उंच मिनार होते. १८१९ साली कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. त्या भूकंपात हे मिनार कोसळले. मिनारांचे खालचे नक्षीदार भाग आजही तेथे पाहायला मिळतात. मशीद उभी राहिली. उंच आणि निमुळते होते ते पडले.

हजारो नळ्यांचे वाद्य

आता एका विलक्षण वाद्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव आहे पाईप ऑर्गन. मराठी संगीत नाटकांत साथीला वाजणारा, पायांनी भाता हलवून वाजवायचा ऑर्गन तुम्ही कदाचित पाहिला असेल. त्यात पेटीसारख्या धातूच्या पट्ट्या असतात, उंच नळ्या नसतात. पाईप ऑर्गन त्याहून फार मोठा असतो. युरोपातील चर्चमध्ये तो शेकडो वर्षे वाजत आला आहे. आपल्याकडे मुंबईला फोर्ट भागात सेंट थॉमस कॅथीड्रल नावाचे जुने चर्च आहे. ते १७१८ साली प्रार्थनेसाठी खुले झाले. तेथेही पाईप ऑर्गन बसवलेला आहे.

पाईप ऑर्गन म्हणजे एका अर्थाने खूप बासऱ्यांची एकत्र बांधलेली जुडी. एक मोठी हवाबंद पेटी असते. तिच्यात पंख्याने किंवा भात्याने हवा भरतात. पेटीच्या वरच्या फळीला भोके असतात आणि प्रत्येक भोकावर एक नळी उभी असते. वादकाने पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते, हवा नळीत शिरते आणि सूर निघतो. नळी लांब असेल तर सूर खालचा, आखूड असेल तर वरचा. सर्वांत लहान नळी बोटाएवढी असते. मोठ्या नळ्या आठ फूट, सोळा फूट, काही ठिकाणी बत्तीस फूट लांबीच्याही असतात. मोठ्या ऑर्गनमध्ये अशा हजारो नळ्या असतात आणि त्याचे एकूण वजन काही टन भरते.

भूकंपाच्या दृष्टीने विचार केला, तर यापेक्षा अवघड वस्तू शोधून सापडणार नाही. नळ्या उंच आहेत, त्यांचा पाया अरुंद आहे आणि पायाचे टोक तर एका लहानशा भोकात नुसते टेकवलेले आहे. पुष्कळ नळ्या शिसे आणि कथील या मऊ धातूंच्या मिश्रणाच्या असतात. एक उंच नळी पडली तर ती स्वतः वाकते आणि शेजारच्या दहा नळ्यांना चेपते. वाकलेल्या नळीतून पहिला सूर पुन्हा निघत नाही. वादक तर बहुधा याच नळ्यांच्या पुढ्यात बसलेला असतो.

मग कारागीर काय करतात? त्यांची युक्ती तुम्हाला माहीत आहे. एस.टी.त उभा असलेला प्रवासी काय करतो? तो पाय रोवतो आणि हात वर करून दांडी धरतो. खाली पाय, वर हात. ऑर्गनच्या बाबतीतही नेमके हेच करतात.

पहिली गोष्ट, लहान नळ्या भोकांच्या फळीतून ओवलेल्या असतात. ही फळी नळ्यांना कमरेपाशी धरते. मोठ्या नळ्यांच्या मागे, वरच्या बाजूला, एक कडी डाख देऊन बसवलेली असते. ती कडी मागच्या आडव्या पट्टीवरील खुंटीत अडकवतात. एरवी एवढे पुरते. पण भूकंपात जमीन फक्त आडवी हलत नाही, ती वरखालीही हलते. त्या हिसक्याने कडी खुंटीवरून उचलली जाऊन निसटते. म्हणून भूकंपाच्या प्रदेशात कडी नुसती अडकवून ठेवत नाहीत. तिला खीळ घालतात, किंवा नळी मऊ पट्ट्याने मागच्या पट्टीला बांधून टाकतात. पट्ट्याच्या आत नमदा लावतात, म्हणजे नळीला खोक पडत नाही आणि वाजताना खडखड होत नाही.

दुसरी गोष्ट, ज्या लाकडी सांगाड्यावर हे सारे उभे असते, त्याला तिरके आधार देतात. यामागचे कारण पाहायचे असेल, तर आइसक्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून एक चौकोन बनवा. कोपऱ्याला जरा ढकलले की चौकोन वाकडा होतो. आता एक पाचवी काडी तिरकी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. आता कितीही ढकला, तो वाकडा होत नाही. त्रिकोणाची ही ताकद सुतारांना, लोहारांना आणि पूल बांधणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट, सांगाडा खाली जमिनीला आणि वर इमारतीच्या भक्कम भागाला बोल्टने जखडतात. जिथे ऑर्गन आणि इमारत वेगवेगळ्या हलू शकतात, तिथे हवेच्या नळाचा काही भाग लवचीक ठेवतात, म्हणजे तो तुटत नाही.

ज्याला बांधायचे तेच कच्चे असेल तर?

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. वस्तू भिंतीला बांधली, पण भिंतच पडली तर?

न्यूझीलंड देशात क्राइस्टचर्च नावाचे शहर आहे. तेथे ४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. लोक घरांत झोपलेले होते, रस्ते रिकामे होते, म्हणून फार मोठी प्राणहानी टळली. परंतु दगडविटांच्या अनेक जुन्या इमारती खिळखिळ्या झाल्या. डरहॅम स्ट्रीटवरील मेथडिस्ट चर्च ही अशीच एक इमारत होती. ते दगडी चर्च १८६४ सालचे होते आणि त्यात एक जुना पाईप ऑर्गन होता. चर्च धोक्याचे झाले, तेव्हा निदान ऑर्गन तरी वाचवावा असे ठरले. कारागीर एकेक नळी काढून सुरक्षित ठेवू लागले.

हे काम चालू असतानाच, २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी, दुसरा भूकंप झाला. त्याची तीव्रता पहिल्यापेक्षा कमी होती, पण तो शहराच्या अगदी जवळ आणि जमिनीत कमी खोलीवर झाला. चर्च कोसळले. ऑर्गन काढण्याचे काम करणारे तीन जण त्याखाली सापडून मरण पावले. त्या भूकंपात एकूण १८५ माणसे गेली.

ही माणसे आपल्या कामात कुशल होती. एक सुंदर वाद्य वाचावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या मृत्यूतून आपण दोन गोष्टी शिकायला हव्यात. पहिली ही, की वस्तूच्या आधी इमारतीचा विचार केला पाहिजे. भिंत मजबूत नसेल तर तिला बांधलेली वस्तूही मजबूत नाही. दुसरी ही, की बांधाबांध शांत दिवसांतच करावी. एक भूकंप होऊन गेल्यावर खिळखिळ्या इमारतीत वस्तू वाचवायला जाणे म्हणजे मृत्यूच्या दारात जाणे होय. पुस्तक, टीव्ही, दागिने, कशासाठीही तसे जाऊ नये.

आपल्या घरात आणि शाळेत

शहापूर आणि मुरबाडच्या गावांत ऑर्गन नाही. पण उंच आणि जड वस्तू मात्र सगळीकडे आहेत.

आपल्याकडची जुनी घरे पाहा. कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप, अशा भिंती अजूनही काही पाड्यांवर दिसतात. कुडाची भिंत हलकी असते आणि लवचीक असते. ती पडली तरी जीव घेत नाही. आता तिच्या जागी विटांच्या आणि सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती येत आहेत. त्या टिकाऊ आहेत, पण जड आहेत. म्हणून अशा भिंती बांधताना खिडक्यादारांच्या वर चारही बाजूंनी सलग सळईचा काँक्रीटचा पट्टा घालणे आवश्यक असते. पिंपाच्या फळ्यांना लोखंडी कडे जसे एकत्र धरते, तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र धरतो. घर बांधताना घरातल्या मोठ्या माणसांना याची आठवण करून द्या.

घराच्या आत स्वयंपाकघरात गेले की भांड्यांची उतरंड दिसते. एकावर एक ठेवलेल्या मडक्यांना किंवा डब्यांना उतरंड म्हणतात. सर्वांत मोठे भांडे खाली आणि सर्वांत लहान वर, अशी ती रचतात. यात पिढ्यानपिढ्यांचे शहाणपण आहे, कारण जड वस्तू खाली असली की गुरुत्वमध्यही खाली राहतो. हाच नियम कपाटाला लावा. जाड पुस्तके, पितळेची भांडी, धान्याचे डबे खालच्या खणात ठेवा. हलक्या वस्तू वर ठेवा. कपाटाच्या डोक्यावर बॅगा आणि ट्रंका रचू नका. एवढा उपाय आज, एकही पैसा खर्च न करता, करता येतो.

त्यानंतर कपाट बांधावे. कपाटाच्या वरच्या भागात दोन्ही कोपऱ्यांना लोखंडी 'एल' पट्टी लावून ती स्क्रूने भिंतीला घट्ट बसवतात. पट्टी वरच्याच भागात का? एस.टी.तला प्रवासी आठवा. हात वर असेल तरच तोल सावरतो. मात्र भिंत मातीची किंवा भुसभुशीत असेल तर स्क्रू तिच्यात धरणार नाही. अशा वेळी पट्टी लाकडी खांबाला किंवा तुळईला लावावी. शाळेच्या वाचनालयात कपाटे एकमेकांना पाठ लावून उभी असतील, तर ती नटबोल्टने एकमेकांना जोडावीत. दोन कपाटे जोडली की त्यांचा पाया दुप्पट रुंद होतो आणि ती पडणे कठीण होते. मागे पत्रा नसलेल्या उघड्या मांडणीला तिरकी पट्टी मारावी. काड्यांचा चौकोन आठवतो ना?

प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्या सर्वांत खालच्या खणात ठेवाव्यात. फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटे उंच लाकडी पट्टी ठोकली, तर बाटल्या घसरून खाली पडत नाहीत. गॅसचे सिलिंडर उभे ठेवून साखळीने भिंतीला अडकवावे. पंख्याचा हूक आणि त्याचे बोल्ट वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. भिंतीवरचे घड्याळ आणि तसबिरी खिळ्यावर नुसत्या टांगू नयेत. बंद कडीत अडकवाव्यात. कौलारू इमारतीत कडेच्या ओळींची कौले तारेने रिपांना बांधावीत, कारण भूकंपात कौले सर्वांत आधी घरंगळतात.

छपरावरच्या पाण्याच्या टाकीचाही विचार करा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणजे हजार लिटरची टाकी भरली की डोक्यावर एक हजार किलो भार आला. ती टाकी चार विटांच्या ढिगावर ठेवलेली असेल, तर ती आजच खाली उतरवायला सांगा.

मशिदीत जमातीच्या वेळी शेकडो माणसे एकत्र बसतात. तेथील पंखे, झुंबरे, पुस्तकांची कपाटे आणि मिनारावरचे भोंगे यांचीही अशीच तपासणी झाली पाहिजे. मंदिर असो, चर्च असो, समाजमंदिर असो, नियम एकच आहे.

जमीन हलते तेव्हा

बांधाबांध करूनही भीती राहतेच. म्हणून हादरा बसताना काय करावे, हेही माहीत हवे. वर्गात असाल तर बाकाखाली किंवा टेबलाखाली शिरा, डोके आणि मान हातांनी झाका आणि बाकाचा पाय घट्ट धरा. खिडक्यांपासून आणि कपाटांपासून दूर राहा. जिन्यावर गर्दी करू नका. दार अगदी जवळ असेल आणि बाहेर मोकळी जागा असेल, तरच बाहेर पडा. पण ढकलाढकली करू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणू भागात हादऱ्याच्या वेळी घराबाहेर पळताना पडून एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. हादरा लहानच होता. बाहेर आल्यावर भिंत, विजेचा खांब आणि पागोळीची कड यांच्यापासून लांब उभे राहा.

अरुंद गल्ली टाळा. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी गुजरातेतील अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची फेरी काढणारी शाळकरी मुले अशाच एका गल्लीत होती. भूकंप झाला आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. अनेक मुले आणि त्यांचे शिक्षक त्यात मरण पावले.

मुलांनो, भूकंप सांगून येत नाही. पण त्याच्या येण्याआधीचे सारे शांत दिवस आपल्याच हातात असतात. आज शाळा सुटण्यापूर्वी आपल्या वर्गात एकदा नजर फिरवा. तुमच्या डोक्यापेक्षा उंच असलेल्या वस्तू मोजा. त्यांतील कोणती वस्तू फक्त खालून टेकलेली आहे आणि कोणती वरूनही धरलेली आहे, ते वहीत लिहा. ती यादी आपल्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. एक स्क्रू, एक पट्टी आणि अर्ध्या तासाचे काम, एवढ्याने कोणाचा तरी जीव वाचू शकतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भातसा धरणाच्या परिसरातील सर्वांत मोठा हादरा केव्हा बसला?
(आ) माळवद म्हणजे काय?
(इ) उतरंडीत सर्वांत मोठे भांडे कोठे ठेवतात?

२. कारणे लिहा.
(अ) किल्लारी भागातील काही घरांच्या भिंती पडूनही माणसे वाचली.
(आ) ऑर्गनच्या नळीची कडी खुंटीत नुसती अडकवून भागत नाही.
(इ) कपाटाची पट्टी वरच्या भागात लावतात.

३. चार-पाच वाक्यांत लिहा.
डरहॅम स्ट्रीटवरील चर्चच्या घटनेतून आपण काय शिकतो?

४. उपक्रम.
विटेचा आणि काड्यांचा प्रयोग गटात करून पाहा. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने घरातील एक तरी उंच वस्तू भिंतीला बांधून घ्या आणि त्याविषयी मराठीत दहा ओळी लिहा.